लोअर आर्मचे नवे बुश सहा महिन्यांत फाटले: घरी सस्पेन्शनचे काम करताना माझे काय चुकले?

प्रश्न

नमस्कार. मागील वर्षी मी गाडीचे पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या चौकटीशी जोडणारे खालचे दांडे) घरी बदलले. गाडी स्टँडवर घेतली, जुने आर्म काढून नवे बसवले, चाके लोंबकळत असतानाच सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्यांप्रमाणे आवळले आणि मग गाडी खाली उतरवली. सहा महिन्यांत गतिरोधकावरून जाताना करकर आवाज येऊ लागला. काल खाली वाकून पाहिले, तर आर्मच्या ज्या बुशांमधून (रबरी सांध्यांमधून) आडवा बोल्ट जातो, त्या दोन्ही बुशांचे रबर आतल्या नळीभोवती अर्धे फाटलेले दिसले. सुटे भाग मूळ उत्पादकाचेच होते. आता बुशांबरोबर पुढचे स्ट्रटही (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांचा एकत्र जोड) बदलायचे आहेत, कारण डाव्या स्ट्रटमधून तेल गळते आहे. पुन्हा हात घालण्यापूर्वी माझी चूक नेमकी कुठे झाली, हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

चूक टॉर्कमध्ये नाही, बोल्ट आवळतानाच्या स्थितीत आहे. अशा बुशचे बाहेरचे कडे आर्ममध्ये घट्ट बसलेले असते, आत लोखंडी नळी असते आणि मधले रबर दोहोंना चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये पकडली जाते आणि ती फिरत नाही. आर्म वरखाली होतो तो केवळ रबराला पीळ पडून. म्हणजे ज्या स्थितीत तुम्ही बोल्ट आवळता, ती रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. तुम्ही चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, त्यामुळे गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबराला पीळ पडला, तो गाडी उभी असतानाही सुटला नाही, आणि प्रत्येक खड्ड्यात त्यात भर पडत गेली. असे रबर फार काळ टिकत नाही.

यावेळी जॅक लावण्यापूर्वीच, गाडी सपाट जागेवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. जोडणी करताना बुशांचे बोल्ट केवळ हाताने टेकतील इतकेच फिरवा आणि गाडीचे वजन चाकांवर आल्यावर ते अंतर पुन्हा जुळते आहे हे पाहूनच पूर्ण टॉर्क द्या. बॉल जॉइंटला (आर्मच्या चाकाकडील टोकाच्या गोल सांध्याला) हा नियम लागू नाही. तो मुळातच फिरता असल्याने चाक लोंबकळत असताना आवळला तरी चालतो.

प्रतिसाद २

स्ट्रट बदलणार आहात म्हणून एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट स्प्रिंग दाबून घेतल्याशिवाय कधीही सोडू नका. गाडीत बसवलेल्या स्ट्रटचे वरचे तीन-चार छोटे नट स्ट्रट गाडीच्या बॉडीला जोडणारे असतात आणि स्ट्रट बाहेर काढताना तेच सोडायचे असतात. मधला नट मात्र दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवतो, आणि ती सुटली तर जीवही जाऊ शकतो. स्प्रिंग दाबण्याच्या कॉम्प्रेसरचे दोन हुक एकमेकांच्या बरोबर समोर लावा, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवा, आणि स्प्रिंग वरच्या बैठकीत हाताने हलू लागल्याची खात्री झाल्यावरच नटाला पाना लावा. तेव्हाही चेहरा स्प्रिंगच्या रेषेत आणू नका.

नट सोडताना दांडा सोबत फिरू लागतो आणि अशा वेळी माणूस सहज पकडीने दांडा धरतो. तसे केल्यास त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे पडतात, ते वरखाली होताना तेलाचे सील कापतात आणि नवा स्ट्रट लवकरच गळू लागतो. दांड्याच्या टोकाला अॅलन की बसण्याची खाच किंवा सपाट बाजू दिलेली असते, तिथेच धरावे. स्प्रिंगचे टोक खालच्या बैठकीतील खाचेला टेकले आहे ना, हेही पाहा.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. माझ्याकडून थोडीच भर. ब्रेक कॅलिपर त्याच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला किंवा चौकटीला बांधून ठेवा. चाकाच्या सेन्सरची वायर आधी सोडवा, आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) बाहेरच्या बाजूला जास्त कलू देऊ नका, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा निखळू शकतो. स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याची) लिंक सोडताना दोन्ही बाजूंची चाके उचललेली असावीत. एकच बाजू उचलली तर बारला पीळ असतो आणि बोल्ट निघतही नाही, बसतही नाही. काढलेले नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेले) नट पुन्हा वापरू नका.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. एक शंका राहते. गाडी जमिनीवर असताना माझा पाना बुशच्या बोल्टपर्यंत पोहोचत नाही. बॉल जॉइंटखाली जॅक लावून आर्म त्या उंचीपर्यंत उचलला तर चालेल का?

प्रतिसाद १

चालेल, परंतु मोजलेले अंतर जुळण्याआधीच गाडी स्टँडवरून उचलली जाऊ लागली, तर तिथेच थांबून जॅक खाली घ्या. त्या अवस्थेत गाडीखाली हात घालणे धोक्याचे आहे. त्यापेक्षा चाके बसवून चारही चाके सारख्या जाडीच्या, रुंद, भक्कम फळ्यांवर उतरवावीत, हॅंडब्रेक ओढावा, चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावाव्यात, गाडी दोन-चार वेळा खाली दाबून सस्पेन्शन स्थिर होऊ द्यावे आणि मग बोल्ट आवळावेत, ही पद्धत मला अधिक पटते. स्ट्रट नकलला ज्या दोन बोल्टांनी जोडलेला असतो, त्यांची जुनी जागा काढण्यापूर्वी रंगाने खुणावून ठेवा. त्या खुणेमुळे अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेण्याची गरज टळत नाही. पण तिथपर्यंत गाडी सरळ चालवत नेता येते.