गाठीतलं जस्त: आधी अवयव कोणता ते बघा

गाठीत एक्स-रे फ्लुरोसन्सनं (नमुन्यावर एक्स-रे टाकून त्यातली मूलद्रव्यं ओळखायच्या पद्धतीनं) जस्त जास्त दिसलं की तो कर्करोगच समजायचा, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. स्तनाच्या गाठींत शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा जस्त वाढलेलं बऱ्याच अभ्यासांत सापडलंय, ते मान्य. पण प्रोस्टेटमध्ये (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत) नेमकं उलट! तिथल्या निरोगी पेशीच जस्त साठवतात आणि कर्करोगात ते एकदम उतरतं.

दुसरं म्हणजे नमुना कसा ठेवला होता, हे इथे कुणीच विचारलेलं नाही. मी पुण्यात हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे ऊतींचे तुकडे तपासून निदान करतात तिथे, काम करते. आमच्याकडे तुकडा फॉर्मॅलिनमध्ये येतो. मग अल्कोहोल, झायलीन, पॅराफिन, आणि शेवटी मायक्रोटोमच्या (पातळ काप घ्यायच्या यंत्राच्या) पोलादी पात्यानं तीन-चार मायक्रॉनचा काप. निदानाला हे उत्तम. मूलद्रव्यं मोजायला मात्र घातक, कारण पोटॅशियमसारखे विरघळणारे आयन या सगळ्यात धुऊन जातात आणि थोडंफार जस्तही सुटतं. साध्या काचेच्या स्लाइडमध्ये तर कॅल्शियम आणि लोह मुळातच असतं, त्यामुळे काप पातळ पॉलिमर फिल्मवर घ्यावा लागतो. लोहाचं तर विचारूच नका: 6.4 केईव्हीला (केईव्ही हे एक्स-रेच्या ऊर्जेचं एकक) दिसणारी रेषा पेशीतल्या लोहाची की तुकड्यात राहिलेल्या रक्ताची, हे नुसत्या स्पेक्ट्रमवरून कळत नाही.

म्हणून इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर) अशा मोजणीसाठी नमुने न्यायचा विचार असेल, तर शस्त्रक्रियेआधीच सर्जनशी आणि पॅथॉलॉजिस्टशी बोला. निदानाला लागणारा भाग बाजूला काढल्यावर उरलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता लगेच गोठवा, आणि त्याच रुग्णाची शेजारची निरोगी ऊतीही तशीच ठेवून घ्या.