मदत हवी आहे : आउटबोर्ड इंजिन सुरू होत नाही
पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आमच्या मालवणच्या छोट्या होडीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन दोरी कितीही ओढली तरी सुरू होत नाही. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या सुरक्षा बटणाची) क्लिप जागेवर आहे, ठिणगी निळी व ठसठशीत पडते आणि ताज्या पेट्रोलमध्ये ऑइलही योग्य प्रमाणात मिसळलेले आहे. तरीही स्पार्क प्लग कोरडाच निघतो. प्लगच्या भोकातून चमचाभर मिश्रण ओतल्यास इंजिन क्षणभर धडधडते आणि विझते. हातपंपाचा रबरी फुगा दाबून कडक होतो, म्हणजे टाकीकडील नळी मोकळी असावी. मला संशय कार्ब्युरेटरचा (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाचा) आहे, कारण त्याच्या वाटीत जुन्या पेट्रोलचा चिकट, पिवळसर थर दिसला. त्यातला पितळी जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी) भोक मोठे न होता कशाने साफ करावा, आणि इंधनपंपाचा पडदाही आताच तपासावा का?