डिसेंबरात नेत्राणीला स्कूबा, बोटीवर अंगात काय घालायचं?

केळीवाला_रावेर:
राम राम मंडळी. आम्ही तिघं मित्र डिसेंबरच्या शेवटी कर्नाटकातल्या मुरुडेश्वरला चाललोय, नेत्राणी बेटापाशी स्कूबा करायला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहायला. जळगावहून मंगला एक्सप्रेसनं मडगाव, तिथून पुढची गाडी. पोहणं तापीत शिकलोय त्यामुळे पाण्याची भीती नाही, प्रश्न कपड्यांचा आहे. बुकिंगवाला म्हणे पाण्यात उतरायच्या आधी आणि वर आल्यावर घालायला गरम काहीतरी आणा. मला हसूच आलं, कारण पहाटे केळीला पाणी द्यायला जातो तेव्हा आमच्याकडे पारा १० च्या खाली असतो आणि तिथं समुद्राचं पाणीच २७-२८ डिग्री! तठे कसली थंडी वाजस भो? खरंच काही न्यावं लागतं की जीन्स, टीशर्ट, टॉवेल बास? एक जर्किन आहे घरात, पण ते कापूस भरलेलं, जड.

धुळेकर७७:
मी पण असाच हसलो होतो. परतताना बोटीवर दात असे वाजत होते की शेजारचा विचारायला लागला, दादा बरं वाटतंय ना. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगानं अंगातली ऊब ओढतं, त्यामुळे २७ डिग्रीच्या पाण्यातही अर्धा-पाऊण तासात माणूस गार पडतोच. पण खरी मजा वर आल्यावर. आपला कूलर काय करतो? गवत ओलं करतो आणि त्यातून वारा खेचतो. चालत्या बोटीवर ओला टीशर्ट घालून बसलास की ते कूलरचं गवत म्हणजे तूच! परत यायला तासाच्या वर लागतो हे धरून चाल.
म्हणून ओल्यावर काही चढवू नको, आधी ओलं काढ, अंग कोरडं कर, मग कोरडं घाल आणि त्यावर वारा अडवणारं काहीतरी, साधा पावसाळी रेनकोट पण चालतो. आणि जीन्स तर अजिबात नको. ओल्या पायावर ती मांडीपर्यंत येऊन अडकते, आणि बोटं बधिर झाली की बटण काही लागत नाही. माझी कोरडी चड्डी लॉजवरच राहिली होती, पुढचं विचारू नको 😅

नंदुरबारची_ताई:
बायकांसाठीही लिहिते, कारण बोटीवर कपडे बदलायला आडोसा असेलच असं नाही. मी दोन टर्किश टॉवेल शिंप्याकडे दिले, खांद्यावर जोडून घेतले, डोकं घालायला मोठं भोक ठेवलं आणि बाजू कमरेपर्यंतच शिवल्या. ते गुडघ्याखाली येतं, आत हात घेऊन निवांत सगळं बदलता येतं आणि अंगही पुसलं जातं. केस पुसायला वेगळा पंचा, सोलापुरी टॉवेल एकदा भिजला की दिवसभर वाळत नाही.
खाली नाडी नसलेली, इलॅस्टिकची नायलॉन ट्रॅकपँट, एक साईझ मोठी. वर फ्लीसचं (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं) जॅकेट, पण समोरून चेन असलेलं, डोक्यातून घालायचं नको, ओले केस आणि मिठानं चिकट झालेलं अंग, त्यात ते मानेशीच अडकून बसतं. जळगावच्या फुले मार्केटात मिळेल, नाहीतर थंडीत तिबेटी स्वेटरवाले बसतात त्यांच्याकडे. फ्लीस भिजलं तरी लवकर वाळतं पण वारा आरपार जातो, म्हणून वरून विंडचीटर हवंच. आणि भाऊ, कानटोपी घेच, मित्र हसतील आणि मग तीच मागतील. सगळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेव, बोटीत पाणी उडतंच. ओल्यांसाठी दुसरी रिकामी पिशवी.

पाणबुड्या_भुसावळ:
वरचं सगळं बरोबर, थोडी भर. जाताना पोहायचे कपडे आतूनच घालून जा आणि वर विंडचीटर, म्हणजे पाण्यात उतरायच्या आधीच तुषारांनी भिजून गार होणार नाहीस. उलट वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट रबरी सूट, चढवून उन्हात तासभर उभा पण राहू नको, घामानं जीव जातो, तो शेवटी घालायचा.
वेटसूट तुला कोरडा ठेवत नाही, त्याच्या रबरात बारीक बुडबुडे असतात ते ऊब धरतात आणि आत शिरलेलं थोडं पाणी अंगानं तापतं. सूट ढिला असेल तर दर हालचालीला नवं गार पाणी आत, म्हणून भाड्याचा सूट घालून बघ, कमरेत आणि मानेशी फुगत असेल तर दुसरा माग, लाजू नको. दोन डाईव्ह (बुड्या) असतील तर मधल्या वेळेत बरेच लोक ओल्या सुटातच वाऱ्यात बसतात, तेव्हा सुटावरूनच रेनकोट घाल, फरक लगेच कळतो. आणि हुडहुडी भरली असेल तर दुसरी डाईव्ह सोड, पैसे गेले तर गेले, इन्स्ट्रक्टरला सरळ सांग. वर आल्यावर फ्लास्कमधला चहा हाण, पण लॉजवर गेल्या गेल्या कढत पाण्यानं आंघोळ नको, डाईव्हनंतर थोडा वेळ जाऊ द्यावा, आणि दारू तर नकोच.

केळीवाला_रावेर:
बाप रे, जर्किन रद्द 🙏 कूलरचं गवत डोक्यात बसलं. एकच, आईनं विणलेला लोकरीचा स्वेटर आहे, तो नेला तर चालेल का? ती म्हणते तोच ने.

नंदुरबारची_ताई:
ने की! लोकर ओलसर झाली तरी ऊब देते, सुती स्वेटरसारखं नाही. फक्त हाताच्या विणीतून वारा घुसतो, वर विंडचीटर घाल. आणि परत आलास की गोड्या पाण्यातून काढ, नाहीतर मीठ राहिलं की तो दमट राहतो आणि आईच्या शिव्या तू खाशील.

धुळेकर७७:
आणि चड्डी आत्ताच बॅगेत टाक भो, आत्ताच.