पोटातल्या उंदराच्या मेंदूत जनुक: हे पटतं का?

अर्धविराम: उंदराची मादी गाभण राहून तेरा-चौदा दिवस झाले की तिला भूल देऊन पोट उघडतात आणि गर्भाशय अलगद बाहेर घेतात. उजेड धरला की भिंतीतून गर्भाचं डोकं दिसतं. काचेच्या बारीक टोकदार नळीने मेंदूच्या पोकळीत डीएनए सोडतात, त्यात हिरवा रंग मिसळलेला. पोकळी हिरवी दिसली की नेम बरोबर. मग डोक्याला बाहेरून चिमट्यासारखे इलेक्ट्रोड लावून विजेचे चार-पाच झटके, एकेक साधारण ५० मिलिसेकंदांचा. पेशींच्या पडद्याला क्षणभर भोकं पडतात आणि डीएनए आत शिरतो. गर्भाशय परत पोटात, वर टाके. २००१ पासून हे चालू आहे.

२०१५ मध्ये ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत फक्त माणसात असलेलं एक जनुक असंच घातलं, तर उंदराच्या एरवी गुळगुळीत मेंदूला काही गर्भांत चक्क वळ्या पडल्या. थक्क व्हायला होतं, पण मला हे पटत नाही. थांबायचं कुठे?

खारूताई: डीएनएवर ऋण भार असतो, तो धन टोकाकडेच ओढला जातो. म्हणून मेंदूची एकच बाजू बदलते आणि दुसरी तुलनेला तिथेच तयार मिळते. जनुक बदललेला अख्खा वाण करायचा तर पिढ्यान् पिढ्या पैदास करावी लागते, आणि नको ती पिल्लं मारावी लागतात. प्राणी कमी मरावेत असं तुम्हालाच वाटतं ना?

अर्धविराम: हिशोब मान्य. पण त्यात ती टाके घातलेली आई कुठे मोजलीत? प्रयोगातल्या प्राण्यांबद्दलचा युरोपीय संघाचा २०१० चा निर्देश सस्तन गर्भाला वाढीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यापासून संरक्षण देतो. उंदराचं गाभणपण १९-२० दिवसांचं. म्हणजे तुमचे झटके बरोबर त्या उंबरठ्यावर बसतात.

तिरपीरेघ: नीतीचं तुम्ही बघा, माझी शंका निष्कर्षांबद्दल आहे. डबलकॉर्टिन घ्या. माणसात हे जनुक बिघडलं की चेतापेशी जागेवर पोचत नाहीत, फिट्स येतात. २००३ मध्ये रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) गर्भात ते याच पद्धतीने दाबलं, म्हणजे त्याचं काम बंद पाडलं, तर पेशी अर्ध्या वाटेत अडकल्या. पण ते जनुक मुळातूनच काढून टाकलेल्या माऊसचा (लहान उंदराचा) कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, जवळपास ठाकठीक! खरं काय मानायचं?

खारूताई: दोन्ही. डबलकॉर्टिनचं एक भावंड-जनुक आहे, ते उणीव भरून काढतं. दोन्ही काढल्यावर माऊसचाही कॉर्टेक्स बिघडला. अचानक दाबलं तर भावंडाला सावरायला वेळ मिळत नसावा, असं मला वाटतं. त्या झटक्यांनीच तर हा प्रश्न पुढे आणला.

तिरपीरेघ: दाबण्यापुरतं ठीक. बाहेरून घातलेलं जनुक मात्र बऱ्याचदा प्रमाणाबाहेर बडबडतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त काम करतं. वळ्या जनुकाच्या की त्या अतिरेकाच्या?

खारूताई: रास्त शंका. म्हणूनच २०२० मध्ये ते फक्त माणसातलं जनुक मार्मोसेट माकडाच्या फलित अंड्यात घातलं, तेही जनुकाच्या स्वतःच्या नियंत्रक भागासकट, म्हणजे ते किती चालायचं हे ठरवणाऱ्या भागासकट. मेंदू मोठा झाला, वळ्याही आल्या.

अर्धविराम: आणि ते गर्भ जन्मू दिले नाहीत, आधीच काढून घेतले. संशोधकांनीच. मी पहिल्यांदा विचारलं ते हेच होतं: थांबायचं कुठे?