मोसिनचा बोल्ट अडकतोय? आधी चेंबर बघा
दहा-बारा फैरींनंतर मोसिन-नागां ९१/३० या जुन्या रशियन रायफलचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा सरकता दांडा) उघडत नाही म्हणता, पण एक्स्ट्रॅक्टर (रिकामं कवच ओढून काढणारा आकडा) बदलायची घाई नको. रायफल रिकामी करून बोल्ट नुसताच चालवून बघा. सहज फिरला तर दोष बहुधा चेंबरचा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेचा. साठवणुकीत गंज लागू नये म्हणून लावलेलं कॉस्मोलिन ग्रीस तिथे वार्निशसारखं वाळलेलं असतं. नळी तापली की चिकट होऊन काडतुसाचं कवच धरून ठेवतं. नळीचा ब्रश इथे बारीक पडतो. बोल्ट काढा, २० गेज शॉटगनचा ब्राँझ ब्रश मिनरल स्पिरिट या द्रावकात बुडवून मागून फिरवा, चिंधी तपकिरी निघायची थांबेपर्यंत. मग कोरडं पुसा. सँडपेपर मुळीच नको! रिकामा बोल्टही जड असेल तर सुटा करून धुवा. जोडल्यावर फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) बोल्टच्या तोंडातून ०.०७५ ते ०.०९५ इंच बाहेर येते का, मोजा.