भेंडी बाजार : झाड की 'बिहाइंड द बझार'?

गिरगावकर : परवा हेरिटेज वॉकला गेलो होतो. गाइडने ठोकून दिलं, क्रॉफर्ड मार्केटच्या मागची वस्ती म्हणून गोरे 'बिहाइंड द बझार' म्हणायचे, त्याचा भेंडी बाजार झाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हे अजिबात पटत नाही. हे नाव भेंडीच्या झाडांवरून आलंय. भाजीची भेंडी नव्हे हो, पिंपळासारख्या पानांचं, पिवळ्या फुलांचं मोठं झाड. शेजारपाजार बघा : उंबरखाडी, चिंचबंदर, जरा पलीकडे फणसवाडी. मग ही एकटीच वस्ती इंग्रजी कशी बोलायला लागली?

उलटतपासणी : शेजाऱ्यांच्या नावात झाडं आहेत म्हणून हिच्याही असेल, हा काही पुरावा नव्हे. मार्केट १८६९ चं. कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या साहेबाला वस्ती मार्केटच्या मागेच दिसणार. आणि पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर'चं 'हुकुमदार' करणारी जीभ आपलीच ना?

गिरगावकर : ती रोज रात्री कानावर पडणारी आरोळी होती. इथे नाव वापरणार कोण, तर कोकणी, मेमन, बोहरी दुकानदार. त्यांना साहेबाचा पत्ता कशाला हवा? शिवाय 'मागे' म्हणजे किती मागे? मार्केटपासून चालत निघा, मध्ये अख्खी पायधुनी लागते.

मोहल्लेवाला : तुमचं चालू द्या. मी तिथेच वाढलो. शाळेत पत्ता सांगितला की पोरं "भेंडी!" म्हणून खिदळायची, तो शब्द शिवीसारखा वापरतात हे मुंबईकराला सांगायला नको. वडील लग्नपत्रिकेवर मोहम्मद अली रोड छापायचे. तरी झाड चालेल मला. 'मागचा बाजार' नको. साहेबाच्या खुर्चीत बसून बघितलं तरच आम्ही मागे.

मेरुखंड : लाजता कशाला? छज्जू खाँ, नझीर खाँ, खादिम हुसेन खाँ हे भाऊ मुरादाबादकडून इथे आले आणि त्यांच्या गाण्याच्या घराण्याला नाव मिळालं ते या मोहल्ल्याचं. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर यांच्या पंगतीत भेंडीबाजार! अमान अली खाँसाहेबांच्या नावापुढे 'भेंडीबाजारवाले' लागायचं. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर याच गायकीच्या, नझीर खाँसाहेबांच्या शिष्या.

उलटतपासणी : अंजनीबाईंपुढे हात जोडले. पण आज तिथे भेंडीचं एक तरी झाड दाखवा.

गिरगावकर : तुम्ही चिंचपोकळीला चिंच दाखवा, मग बोलू.