कंप थांबला, पण शब्द चिकटले

डीबीएस म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून विजेने उत्तेजन देण्याचा उपचार. त्याबद्दल काही जण म्हणतात, ‘तारेवरच्या आठ कॉन्टॅक्टच्या, म्हणजे वीज सोडणाऱ्या बिंदूंच्या, हजारो जुळण्या डॉक्टरने चाचपडत कशाला बघायच्या, संगणकाकडे द्या’. हा मुद्दा आकड्यांपुरता मान्य. प्रत्येक कॉन्टॅक्ट धन, ऋण किंवा बंद धरला तरी ३ चा आठवा घात, म्हणजे ६५६१ जुळण्या होतात. करंट, पल्सची (विजेच्या प्रत्येक ठोक्याची) रुंदी, वारंवारता यांचा हिशेब वेगळाच. पण ‘हे जमलं’ असं संगणकाला सांगणार कोण? बाबांना पार्किन्सनसाठी डीबीएस बसवलंय. सेटिंगच्या वेळी करंट जरा वाढवला आणि हाताचा कंप काही सेकंदांत थांबला. आम्ही खूश! मग त्यांना वारांची नावं म्हणायला सांगितली, तर ‘गुरुवार’ला जीभ अडखळली. करंट शेजारच्या मज्जातंतूंपर्यंत पसरला की असं होतं. मनगटावरच्या सेन्सरने मात्र त्याच सेटिंगला पैकीच्या पैकी गुण दिले असते. आणि कंप निदान लगेच दिसतो. डिस्टोनियात (स्नायू आपोआप आखडून पिळवटण्याच्या आजारात) फरक कळायला आठवडे, कधी महिने जातात. तोवर प्रोग्रॅमने शिकायचं कशावरून?

पाठदुखीसाठी मज्जारज्जूजवळ बसवतात त्या यंत्रांचं गणित सोपं आहे. खोकला आला की मज्जारज्जू इलेक्ट्रोडकडे सरकतो आणि एरवी ठीक वाटणारी सेटिंग झटका देते. तिथे पल्सनंतर तंतूंतून उमटणारा विद्युत प्रतिसाद मोजून पुढचा पल्स आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालंय. पण तेही ठरलेली पातळी सांभाळतं. ती पातळी कोणती, हे सहसा क्लिनिकमध्ये पेशंटला विचारून ठरतं.